आईची हाक

मी मनोरीचा, कोळ्याचा पोर. बाप होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही, तेव्हा मी पाच वर्षांचा, आणि आई तीन दिवस किनाऱ्यावर उभी राहून त्याला हाका मारत होती, त्यात तिचा आवाज गेला तो गेलाच, म्हणजे बोलायला ठीक, पण ओरडली की शेवटाला फाटायचा. त्याच आवाजात ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, बोटीनं खाडी ओलांडून, बोरिवलीच्या बिल्डिंगींखाली ओरडायची, म्हावरं घ्या गो म्हावरंऽऽ, आणि त्यावर मी शिकलो.

आता तुम्ही पेपरवाले लिहिणार, आमच्या बोलीत अख्खं नाटक बसवणारा पहिला दिग्दर्शक. लिहा. पण काय सांगू तुम्हाला, नाटकात हशा कुठून आला तेही लिहा. तालमीत कोळणीची एन्ट्री पडत होती, रोज पडत होती, मग मी कोळीण करणाऱ्या मुलीला आईची हाक करून दाखवली, म्हटलं, शेवट फाटू दे गं, कोंबडीसारखा. सगळे लोळले. ती म्हणाली, झकास सर, कुणाची ओ ही? मी म्हटलं, अशीच, बाजारातली.

पहिला प्रयोग दुपारचा, बोरिवलीला. आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं, डोक्यात अबोली. हाक आली आणि हॉल फुटला. मी विंगेतून तिच्याकडेच बघत होतो. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग तीपण हसली, सगळे हसतायत म्हणून.

परतताना बोटीत एवढंच म्हणाली, मी अशी वरडतंय काय रं? मी म्हटलं, नाय गो आये, नाटक हाय ते.

पुढच्या प्रयोगातून हाक काढून टाकता आली असती ना. काढली नाही. उलट दोनदा ठेवली.

त्यानंतर आई कधी ओरडली नाही. म्हावरं विकलं, पण दारोदार बेल वाजवून. आणि मी प्रत्येक मुलाखतीत सांगत आलो, आई खूश झाली, पाठीवरून हात फिरवला. खोटं आहे ते सगळं.

आता ती ऐंशीची आहे. परवा कॉलेजच्या मुली आल्या, बोलीतले शब्द गोळा करायला, म्हणाल्या, आजी, म्हावरं विकायची ती हाक मारून दाखवा ना. आईनं माझ्याकडे बोट केलं. त्याला सांगा, त्याला येतंय.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी तो हातानं बाजूला सारला.

आई म्हणाली, मार रं पोरा, लाजतंस कशाला?