टॅबची खंडेनवमी

आमच्या आप्पांचं सांगतो. आमच्या गावच्या मंगळवार पेठेत त्यांची मिक्सरची एजन्सी. धंदा झपाट्यानं वाढला, तसं ऑर्डरी घेणाऱ्या पोरांना टॅब पुरवायचं काम माझ्याकडं आलं. खंडेनवमीला आप्पा म्हणाले, “सगळे टॅब पूजेला मांड.”

“आप्पा, उद्या दसरा हाय. ऑर्डरी तुंबतील की.”

“ज्याच्यावर पोट चालतंय, त्याला हळदकुंकू नको व्हय?”

दसऱ्याला निम्मे टॅब चार्जच होईनात. भोकात कुंकू गेलतं. मी वैतागलो.

आप्पा शांतपणे म्हणाले, “पुढच्या वर्षी भोकाला चिकटपट्टी लाव.”

आता आप्पा न्हाईत. टॅबही कंपनीकडनं पुण्याहून कुरिअरनं थेट पोरांच्या घरी जातात. यंदा खंडेनवमीला मी रिकामा पाट मांडून बसलोतो. न बोलावता पोरं टॅब घेऊन एकेक करून आली. प्रत्येकानं चिकटपट्टी घरूनच लावून आणलीती.