एकतीस फिलिप्पा

कोझिमो : एकतीस, नुन्झिया! एकतीसच्या एकतीस, सगळी एकसारखी. मला काय खुळा समजतेस?

नुन्झिया : भाऊजी, आधी दार लावा. वारा येतोय, आणि फिलिप्पामावशींचं डोकं ओलं आहे.

कोझिमो : काल दुपारपासून शाळेच्या त्या चिमुकल्या बाकावर बसलो होतो मी. पाठीचा पार कणा मोडला. मतदान केंद्राच्या बाई एकेक मतपत्रिका उघडतायत, हातानं लिहिलेलं नाव वाचतायत. 'मालाक्रिनो.' पुढची. 'मालाक्रिनो.' मी मान लांब करून बघतोय. पुढे सावेरिओ नाही, मागे सावेरिओ नाही, साधं टिंबसुद्धा नाही. नुसतं आडनाव. एकतीस वेळा!

फिलिप्पा : कोण गेलं म्हणतो?

नुन्झिया : कोणी गेलं नाही, मावशी! मतं मोजली!

फिलिप्पा : मग तोंड असं का केलंय त्यानं?

कोझिमो : मालाक्रिनोचं नाव कसं लिहायचं याचा वेगळा नमुना दिला होता मी प्रत्येक घराला, मोजताना घर ओळखू यावं म्हणून. नुसतं आडनाव हा नमुना कोणाचा? यांचा. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून मीच सोपा दिला होता. यांच्या घरात मत किती? एक. आणि पेटीतून निघाल्या एकतीस फिलिप्पा.

नुन्झिया : अगंबाई! मावशी, ऐकलंत का? या वयात तुम्हाला तीस जुळी झाली.

फिलिप्पा : सांभाळणार कोण त्यांना? मला नाही जमायचं.

कोझिमो : हसा. हसून घ्या दोघी. बारा वाजता नगरपालिकेत मालाक्रिनोसमोर हा नकाशा घेऊन उभं राहायचंय मला. सरकव त्या कात्र्या, पसरू दे. हे बघ. वरच्या आळीतली अठरा घरं. गेल्या वेळी कसा दिसत होता, आठवतं? दिलं त्याचं घर निळं, नाही दिलं त्याचं लाल. एक चौकोन रिकामा नव्हता. आणि आज? पांढरं. कपाळाएवढं पांढरं.

नुन्झिया : छान दिसतंय की. बर्फ पडल्यावर आळी अशीच दिसते.

कोझिमो : नुन्झिया, मालाक्रिनो निवडून आलाय. सतरा मतांनी का होईना, पण आलाय. उपनगराध्यक्ष तोच राहणार. शाळेचं स्वयंपाकघर त्याच्याकडेच राहणार. आणि तुझी पोरगी तेक्ला त्याच स्वयंपाकघरात कामाला आहे, तिचा करार या महिन्यात संपतो. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं ती यादी आज होणार, या नकाशावरून होणार. आता तरी डोक्यात प्रकाश पडला का?

नुन्झिया : तो तर पाच वर्षांपूर्वीच पडला, भाऊजी. म्हणून तर एकतीस निघाली.

कोझिमो : म्हणजे कबूल करतेस?

नुन्झिया : कबूल काय करायचंय त्यात! इथेच ठरलं. या खुर्चीवर. कोणाचे केस रंगवताना, कोणाचे कापताना. एकीला सांगितलं, तिनं नवऱ्याला सांगितलं. ज्याला मालाक्रिनोला द्यायचंय त्यानं खुशाल द्यावं. ज्याला नाही द्यायचं त्यानं देऊ नये. पण देणाऱ्यानं एवढंच करायचं, नुसतं आडनाव लिहायचं. मावशींसारखं.

फिलिप्पा : माझं काय?

नुन्झिया : तुमची नक्कल केली सगळ्यांनी, मावशी!

फिलिप्पा : करू देत. मी तर त्याला दिलंच नाही.

कोझिमो : काय?

फिलिप्पा : नाही दिलं. गेल्या खेपेला येऊन गालाचा पापा घेऊन गेला, माझ्या दारासमोर दिवा लावतो म्हणाला. पाच वर्षं मी अंधारात कुलूप शोधतेय. द्यायचं कशाला? त्या मास्तरणीला दिलं, समोरच्या यादीतल्या.

कोझिमो : देवा रे! म्हणजे एकतीस फिलिप्पांमध्ये फिलिप्पाच नाही.

नुन्झिया : मग आता लिहा ना नकाशावर. मावशींचा नमुना आलाय, तेव्हा मावशींचं घर निळं करायला पाहिजे. निळं करणार?

कोझिमो : नुन्झिया, मला शब्दांत अडकवू नकोस. मला पंच्याहत्तर मतं हवी होती इथून, मिळाली एकतीस. म्हणजे चव्वेचाळीस लोक फिरले. तू मला फक्त घरं सांग. सगळी नको, चार सांग. तुझ्या घराला मी आत्ता इथे, तुझ्यासमोर, निळा रंग देतो. तेक्ला तिथेच राहील.

नुन्झिया : चार कुठली? ज्यांच्याशी माझं पटत नाही ती सांगू का? समोरच्या रेपारातांचा कोंबडा पहाटे तीनला आरवतो. टाकू का त्यांना लाल?

कोझिमो : मी तुझ्या भल्याचं बोलतोय.

नुन्झिया : माझं भलं तुम्ही एकदा करून झालंय, भाऊजी.

कोझिमो : हे बघ, आता तो विषय नको.

नुन्झिया : का नको? नकाशा तुम्ही पसरलात, माझ्या टेबलावर. आता बघू या की नीट. हा चौकोन कोणाचा? कारंज्याशेजारचा, जिन्याच्या वळणावरचा? पांढऱ्याखालून लाल दिसतोय अजून. गेल्या वेळचा रंग खोडायला घेतला होतात वाटतं, निघाला नाही.

कोझिमो : तुमचं घर आहे ते.

नुन्झिया : रोक्कोचं घर. तुमच्या धाकट्या भावाचं. त्याला नमुना काय दिला होतात?

कोझिमो : आधी नाव, मग आडनाव. सावेरिओ मालाक्रिनो.

नुन्झिया : आणि पेटीतून काय निघालं?

कोझिमो : तसं एकही निघालं नाही. मी काय करणार? मी एक टिंब चुकवत नाही, नुन्झिया. स्वतःचा नमुनासुद्धा सगळ्यांत लांबलचक घेतलाय मी, 'डॉक्टर मालाक्रिनो सावेरिओ', सगळी मोठी अक्षरं, शेवटच्या ओ-वरची तिरकी रेघही विसरत नाही. कोणी म्हणायला नको की कोझिमो लगाना स्वतःला सवलत देतो. नमुना निघाला नाही, म्हणजे मत दिलं नाही. भाऊ झाला म्हणून काय झालं?

नुन्झिया : आणि आधी आडनाव, मग नाव? तो नमुना कोणाचा होता?

कोझिमो : स्कोर्दोंचा. चार मतं. निघाली पाच.

नुन्झिया : चार माणसांच्या घरात पाच मतं. तुम्ही एक टिंब चुकवत नाही म्हणता, मग हे पाचवं कुठून आलं ते विचारलं नाहीत कधी?

कोझिमो : वाटलं, कोणीतरी चुकला असेल.

नुन्झिया : चुकलाच. रोक्को चुकला. मी घरीच होते, नाही का, मला त्यात धरलंच नव्हतं तुम्ही, माझं नाव तेव्हा आईच्या गावच्या यादीत होतं, आणि तेक्ला अठराची झाली नव्हती. त्याचं एकट्याचं मत. सकाळी आंघोळ केली, लग्नातला शर्ट घातला, खाली जाताना तुमचा नमुना पुटपुटत गेला. आणि हातात पेन्सिल आल्यावर लिहिलं ते सैन्यात शिकला तसं. आडनाव आधी. शाळेतल्या हजेरीपासून लष्करातल्या हजेरीपर्यंत त्याला दुसरं कोणी काही शिकवलंच नव्हतं. मत त्यानं इमानानं दिलं, भाऊजी. तुमच्याच माणसाला दिलं.

फिलिप्पा : रोक्कोचं बोलताय का?

नुन्झिया : हो, मावशी.

फिलिप्पा : चांगला होता बिचारा. माझी पायरी त्यानंच बसवली. अजून हलत नाही.

नुन्झिया : पायऱ्या बसवणारा माणूस. नगरपालिकेचा गवंडी, बावीस वर्षं. आणि एका लाल चौकोनावरून काढला त्याला. चौपन्नाव्या वर्षी लांब उत्तरेला, मोदेनाला गेला, कुठल्याशा गोदामात खोकी उचलायला. दोन हिवाळे. तिसऱ्याला पेटीतून आला.

कोझिमो : ते मला सांगतेस? खांदा मी दिला त्याला.

नुन्झिया : दिलात. त्याआधी रंग दिलात.

कोझिमो : मला माहीत नव्हतं गं! त्या वेळी खरंच माहीत नव्हतं.

नुन्झिया : मग केव्हा कळलं?

कोझिमो : कोणी म्हटलं मला कळलं म्हणून?

नुन्झिया : तो आरसा बघा. नाही, तुमचं तोंड नको, कोपऱ्यात काय खोचलंय ते बघा. मोदेनाचं पोस्टकार्ड, पहिल्या नाताळातलं. चर्चचं चित्र. उलटं करा आणि खालची सही वाचा मोठ्यानं. मावशींना ऐकू जाऊ दे.

कोझिमो : नुन्झिया...

नुन्झिया : वाचा ना. स्वतःच्या बायकोला लिहिलेल्या पत्राखाली माणूस काय लिहितो?

कोझिमो : 'लगाना रोक्को.'

नुन्झिया : आडनाव आधी. बायकोला! मी हसले होते तेव्हा, म्हटलं, आता यांना कवायतीला बोलवतायत की काय. आणि मग ती सही पुन्हा वाचली. मला तिथल्या तिथे कळलं पेटीत काय झालं असणार ते. हे कार्ड माझ्या दारात कोणी आणून दिलं, भाऊजी? पोस्टमन कोण होता?

कोझिमो : मी.

नुन्झिया : उघडं कार्ड. वाचलं असणारच.

कोझिमो : वाचलं. कारंज्यापाशी उभा राहून वाचलं. दोनदा.

नुन्झिया : आणि नकाशा?

कोझिमो : नकाशा कपाटात होता. मला वाटलं, सांगून काय होणार, गवंड्याची जागा तोपर्यंत स्कोर्दोच्या पोराला दिलेली. आज सांगू, उद्या सांगू. आणि मग तोच आला, तसा.

नुन्झिया : तेक्लालाही ठाऊक आहे हे सगळं. सगळ्यांनी एकसारखंच लिहायची युक्ती कोणाची, विचारलंत नाही. तिचीच. म्हणाली, आई, कोण कोणाला देतं ते मला नको कळायला, पण कोणाच्या अक्षरावरून कोणाची भाकरी जाता कामा नये. मी म्हटलं, पहिली तुझीच जाईल. म्हणाली, जाऊ दे. पण काढायचंच तर सगळ्यांना काढा म्हणावं. स्वयंपाकघरातल्या पाचांपैकी तीन बायका वरच्या आळीच्या आहेत. मग एकशेचाळीस पोरांना पास्ता मालाक्रिनोनं स्वतः उकळावा. मीठ किती घालायचं ते चिठ्ठीवर लिहून देऊ.

फिलिप्पा : आणि टिंब देऊ नका म्हणावं, खारट होईल.

नुन्झिया : बघा, बरोबर त्या वेळी ऐकू येतं यांना!

कोझिमो : तुम्हा बायकांना भीती कशी वाटत नाही?

नुन्झिया : वाटते ना. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तेक्ला गेली तर घरात माझी कात्री तेवढी राहील. पण आता एक मी विचारते, मग तुम्ही जा. काल केंद्रात एकतीस निघाली, सगळी नुसती आडनावाची. बरोबर?

कोझिमो : बरोबर.

नुन्झिया : मावशींच्या नमुन्याशिवाय दुसरा एकही नाही.

कोझिमो : सांगितलं ना, एकही नाही.

नुन्झिया : मग 'डॉक्टर मालाक्रिनो सावेरिओ', मोठ्या अक्षरांत, तिरक्या रेघेसकट, ते कुठंय?

कोझिमो : मला उशीर होतोय.

नुन्झिया : तुम्ही याच केंद्रात मत देता, भाऊजी. आणि तुम्हाला मी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही तर माझ्याकडे केस कापायलाही येत नाही.

कोझिमो : एक कोरी निघाली.

नुन्झिया : काय?

कोझिमो : एक मतपत्रिका कोरी निघाली काल. मी ते बोललो नाही मघाशी. बाईंनी दोन्हीकडून उलटून पाहिली आणि म्हणाल्या, दोनशे पायऱ्या उतरून कोरी टाकायला कोण आलं असेल? सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

फिलिप्पा : कोणाची होती?

नुन्झिया : थांबा, मावशी.

कोझिमो : पेन्सिल टेकवली होती. 'डॉक्टर'चा डॉ काढणारच होतो. आणि डोळ्यांसमोर आलं ते कार्ड. रोक्कोचं ते वाकडं अक्षर. मालाक्रिनोला लिहवेना. समोरच्यांना द्यायची सवय नाही या हाताला, अठ्ठावीस वर्षांची. मग घडी घातली आणि टाकली. माझ्या नकाशाप्रमाणे, नुन्झिया, लाल घर माझंच आहे.

नुन्झिया : बसा जरा. पाणी देऊ?

कोझिमो : नको. बारा वाजत आले. जाऊन सांगतो मालाक्रिनोला, आपल्या या चौथ्या केंद्राचं काही कळत नाही म्हणून. कोण आपलं, कोण परकं, सांगता येत नाही. ओरडेल. ओरडू दे. तेक्लाचं मी काही वचन देत नाही तुला, माझ्या हातात आता काही राहणार नाही. दुसरा नकाशावाला शोधेल तो.

नुन्झिया : शोधू दे. त्यालाही एकतीस फिलिप्पाच सापडतील. पुढच्या वेळी पन्नास.

कोझिमो : जाण्याआधी एक करू दे मला. निळी पेन्सिल आहे खिशात. रोक्कोचं घर. त्यानं दिलं होतं मत, इमानानं दिलं होतं. पाच वर्षं उशीर झाला, पण निळं करतो.

नुन्झिया : निळं नको.

कोझिमो : अगं, पण ते खरं आहे.

नुन्झिया : त्याचं मत त्याचं होतं. निळंही नको, लालही नको. खोडा.

कोझिमो : एकदा खोडून बघितलंय. कागद पातळ झालाय तिथे. आणखी घासलं तर फाटेल.

नुन्झिया : फाटू दे, भाऊजी.