त्याच्यात होतं थेच कार्ड

वरठी स्टेशनजवळच्या मोबाइल दुकानात रिता आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. तिच्या पुढे करडी गावचे तेजराम आणि त्यांची बायको चंद्रभागाबाई. दुकानदार वीरेंद्रने त्यांचा टॅबलेट पुढे सरकवला.

"घ्या काका, झाला चालू. आतली सिस्टीम पुरी बिघडली होती. म्या नवी सिस्टीम मेमरी कार्डावर टाकली. आता कार्डावरूनच सुरू होते."

"अन् गाणे कुठी गेले जी?" तेजरामांनी टॅबलेट चाळून पाहत विचारलं.

"कोनते गाणे?"

"इचे. धानाच्या रोवण्याचे. चाळीस गाणे भरले होते."

"असतील ना आत. टॅबलेटच्या आतमंधी म्या हातच नाही लावला."

"आत नाही, कार्डात होते."

"कोनत्या कार्डात?"

"त्याच्यात होतं थेच कार्ड."

"थे तं पुसाच लागते, काका. त्याच्याशिवाय सिस्टीम बसत नाही."

"मंग काढ ना वापस."

"त्याच्यावर नवीन चढलं. आता नाही निघत."

"मले इचारलं काहून नाही?"

"तुमीच म्हटलं, कसाबी चालू करून दे. काकूले पुन्हा गायले सांगा ना. मीच भरून देतो."

"डॉक्टरनं इच्या आवाजाची पेटीच काढली, बापू. दिवाळीत."

 चंद्रभागाबाईंनी टॅबलेट जवळ ओढला, नखाने कार्ड बाहेर काढलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. टॅबलेट त्यांनी काउंटरवरच ठेवला.