केरबाच्या हातची कणीक

मंडळी, एक सांगा मला. वैऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं, हे समजतं. पण जिवलग मित्राचं बरं झालं की त्याहून जास्त दुखतं — ते का हो? हसू नका, पहिल्या रांगेतले! तुम्हालाच विचारतोय.

ऐका. पंचगंगेकाठच्या एका गावात आप्पाबुवा नावाचे पखवाजी होते. म्हातारे, डोळे गेलेले. त्यांचे दोन शिष्य, म्हादू गुरव आणि केरबा कासार. एका ताटात जेवणारे! आता पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा तो घुमतो. हे आमचे पखवाजी बघा, आत्ताच थापून बसलेत. तर बुवांच्या घरची रीत अशी — आपली कणीक आपण लावायची नाही. म्हादूच्या पखवाजाला केरबा लावणार, केरबाच्या पखवाजाला म्हादू. बावीस वर्षं!

एकदा बुवा म्हणाले, "एकादशीला दोघं वाजवा. माझा पखवाज एकाला देईन."

झालं! केरबाला झोप लागेना. म्हादूचा हात आपल्यापेक्षा गोड आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि एकादशीला त्यानं काय केलं? म्हादूच्या कणकेत मूठभर कोरडं पीठ कालवलं. कोरडी कणीक धरत नाही. रंगात आलं की गळून पडते.

म्हादू आधी बसला. देऊळ भरलेलं. बोल चढत गेले, लय वाढली — आणि थप्पकन कणीक मांडीवर! डावं तोंड मुकं झालं. म्हादूनं डावा हात उचलून धरला. उजवा मात्र थांबवला नाही. डोळे मिटून एकट्या उजव्यानं वाजवत राहिला.

आणि मंडळी, घुमारा आला! कुठून?

समोर केरबा बसला होता, मांडीवर स्वतःचा पखवाज. त्याचा डावा हात पडत होता. त्याला स्वतःला पत्ता नाही! बावीस वर्षं जोडीनं वाजवायची सवय ती. उजवा हात म्हादूचा, डावा केरबाचा, आणि अख्ख्या देवळात पखवाज एकच. माणसं श्वास घ्यायची विसरली. आणि घुमत होतं काय? म्हादूनं सकाळी मऊ मळून केरबाच्या पखवाजाला लावलेली कणीक!

वाजवणं थांबलं. बुवा म्हणाले, "म्हादू, आजचा डावा हात कोणाचा रे? उभ्या जन्मात असा ऐकला नाही."

केरबा पायांवर कोसळला. सगळं सांगितलं.

म्हादू हळूच म्हणाला, "बुवा, वाजवायला बसताना कणकेला बोट लागलं, तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बदलली का नाहीस?"

"केरबानं लावलेली कणीक मी कधी तपासली नाही. आज बदलली असती तर पखवाज मिळाला असता, पण केरबा हातचा गेला असता."

अंगावर काटा येतो हो!

बुवांनी चाचपत आपला पखवाज जवळ ओढला. मग म्हणाले, "पखवाज म्हादूचा. त्याला कणीक मात्र केरबाच लावेल. रोज."

आणि म्हादूनं पुढंही कधी बोट लावून पाहिलं नाही.

आता घरी जाल. मित्राचं नवं घर दिसेल, त्याच्या पोराची नोकरी कळेल, आणि हात कोरड्या पिठाकडे जाईल. माझाही जातो, खोटं कशाला बोलू? तेव्हा एवढंच आठवा — आपल्यात जे घुमतंय, ते थापलंय कोणी?

वाजवा हो पखवाजी! सगळे म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!