दाबाखालचं सहावं प्रकरण

बाबा : हे परत कर. परीक्षेच्या आधीच मान टाकेल हे.

लेक : बाबा, गाइड आहे ते. आजारी म्हातारा नव्हे.

बाबा : पाठ बघ त्याची. नुसता गोंद थापलाय, शिलाईचा पत्ता नाही. चारदा उघडलंस की पानं पत्त्यांसारखी हातात येतील. उभा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला माझा, एवढं कळत नाही?

लेक : आत काय आहे तेही बघावं लागतं.

बाबा : आतलं तू बघ. आपलं खातं बाहेरचं.

लेक : आतही उजेडच आहे. एका ओळीचं उत्तर, त्याला अर्ध्या पानाची प्रस्तावना. नमनालाच घडाभर तेल. दुकानदार म्हणालाय, पसंत पडलं नाही तर उद्या आणून द्या.

बाबा : म्हणजे माझंच खरं.

लेक : तुमचंच खरं, पण कारण माझं.

बाबा : बरं बाई. आणि हा गठ्ठा कसला?

लेक : मैत्रिणीच्या क्लासच्या नोट्स. झेरॉक्सची झेरॉक्स. हे बघा, हे हृदय आहे म्हणे.

बाबा : हे? मला बटाटा वाटला.

लेक : क्लासमध्ये सर फळ्यावर काढून दाखवत असतील, तिथे चालून जातं. मला कोण दाखवणार? घरी बसून एकटीनं करायचं म्हणजे पुस्तकच मास्तर पाहिजे. हे नोट्सवाले मास्तर तोंडातल्या तोंडात बोलतात.

बाबा : मग उरलं काय?

लेक : शाळेचं साधं पाठ्यपुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका. बाकी सगळं ज्याचं त्याला परत. दहा पुस्तकं एकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक दहादा वाचावं.

बाबा : वा! हे कोण म्हणालं?

लेक : मीच. आत्ता.

बाबा : आईवर गेलीस. तीही अशीच बोलायची, छापल्यासारखं.

लेक : आणि पाठ्यपुस्तक तरी अख्खं कुठे राहिलंय? नवंकोरं आणलं होतं मी. संध्याकाळी लाँड्रीतून घरी येते तर टेबलावर त्याची लक्तरं! अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या.

बाबा : लक्तरं काय? नीट उसवलं आणि एकेक प्रकरण वेगळं शिवलं. ते धूड घेऊन कामावर उभी राहणार होतीस? आता पुस्तिका अ‍ॅप्रनच्या खिशात मावते की नाही?

लेक : मावते ना. चादरी मशीनमध्ये गरगर फिरत असतात, तेवढ्यात दोनचार पानं होतात. पेशी, पचन, श्वसन, सगळं साबणाच्या वासात पाठ झालंय. मॅनेजरला वाटतं, पोरगी मशीनचं माहितीपत्रक वाचतेय. परवा इतरांना माझा दाखला देत होता.

बाबा : बघ! उगाच ओरडलीस त्या दिवशी.

लेक : चुकलं. तुमच्यासारखा बाइंडर त्रिभुवनात नाही. आता सांगा, सहावी कुठाय?

बाबा : कोण सहावी?

लेक : सहाव्या प्रकरणाची पुस्तिका. पाचवीनंतर एकदम सातवी दिलीत मला.

बाबा : दाबाखाली आहे. ओली आहे अजून.

लेक : महिनाभर?

बाबा : हवा दमट आहे.

लेक : बाबा, मी बाइंडरच्या घरात वाढलेय. तुमची खळ एका रात्रीत वाळते.

बाबा : चहा टाकू का थोडा?

लेक : ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ह्या प्रश्नपत्रिका बघा. कुठलंही वर्ष काढा, सगळ्यांत मोठा प्रश्न सहाव्यावरच. ते सोडून परीक्षेला बसले तर आपटलेच म्हणून समजा. आणि जीवशास्त्र सुटल्याशिवाय नर्सिंगला घेत नाहीत. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. हा एकच डाव आहे माझ्याकडे, ठाऊक आहे ना?

बाबा : ठाऊक आहे.

लेक : मग? प्रजननाचं प्रकरण म्हणून लाजलात? अहो, एवढी घोडी झालेय मी. लाँड्रीत आलेल्या चादरी बघून लोकांचे संसार सांगू शकते.

बाबा : लाजायचं काय त्यात.

लेक : मग काय ते सांगा तरी.

बाबा : मी वाचलं ते.

लेक : तुम्ही? वाचलंत?

बाबा : बाइंडरनं वाचू नये. वाचत बसला तर खाणार काय? पानांचे आकडे जुळवायचे, कडा सारख्या करायच्या, पुढचं घ्यायचं. इतकी पुस्तकं हातांखालून गेली, कुणाच्या आत डोकावलो नाही. पण त्या दिवशी आकडे जुळवताना ते चित्र समोर आलं. पोटातलं बाळ, त्याची नाळ, आणि नाळेच्या टोकाला ती...

लेक : अपरा.

बाबा : पुस्तकात अपरा म्हटलंय. मला नर्सबाई म्हणाल्या होत्या, वार. ‘मुलगी छान आहे, पण वार अडकलीय.’ मला काय कळणार? मी आपली मान हलवली. वाटलं, अडकलीय तर सुटेल. त्यांनी तुला माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

लेक : बाबा.

बाबा : पुस्तकात त्यावर एकच ओळ आहे. ‘बाळाच्या जन्मानंतर थोड्याच वेळात अपरा बाहेर पडते.’ पडते, पूर्णविराम. झालं. ती ओळ तू तिकडे वाचणार, त्या मशीनसमोर एकटी उभी राहून. मग मनात घेऊन बसणार, की मी आले म्हणून आई गेली. जीव होईना माझा ती पानं शिवायला.

लेक : ते मनात घेऊन झालंय माझं. केव्हाच.

बाबा : केव्हा?

लेक : शाळेत होते तेव्हा. आत्याला विचारलं होतं, आई माझ्यामुळे गेली का म्हणून.

बाबा : मला नाही विचारलंस ते.

लेक : तुम्हाला किती लागेल, म्हणून.

बाबा : काय म्हणाली ती?

लेक : आधी पाठीत एक धपाटा घातला. मग जवळ घेऊन म्हणाली, ‘वेडे, तुझी आई तुला डोळे भरून बघून गेली. तुझा मुका घेतला आणि मला म्हणाली, वन्सं, नाक बापाचंच उचललंय हो हिनं, आता हिचं लग्न कसं व्हायचं!’ आणि दोघी हसल्या म्हणे.

बाबा : हसली होती ती?

लेक : तुम्हाला ठाऊक नव्हतं?

बाबा : ताई आत होती तिच्यापाशी, मी बाहेर होतो. मला कोणी बोललं नाही. इतकी वर्षं... ताई एका शब्दानं बोलली नाही.

लेक : तिला वाटलं असेल, तुम्हाला सोसणार नाही. आपल्या घरात सगळे एकमेकांपासून पानंच लपवून ठेवतात.

बाबा : नाक म्हणाली?

लेक : नाक.

(बाबा उठतात. दाबयंत्राचा दांडा करकरत फिरतो. सुटी पानं घेऊन ते टेबलाशी परत येतात.)

लेक : कोरडी ठणठणीत आहेत की!

बाबा : सुई ओवून दे. आज मला नीट दिसत नाहीये.

लेक : डोळे पुसा आधी. हा घ्या दोरा.

बाबा : एक विचारू? वार बाहेर पडलीच नाही, तर काय करतात? ह्यात दिलेलं नाही. मी मागची पुढची सगळी पानं पाहिली.

लेक : ते ह्या पुस्तकात नसतं, बाबा. नर्सिंगच्या पुस्तकात असतं.

बाबा : म्हणजे, करता येतं काही?

लेक : बहुतेक वेळा येतं. जाणते हात वेळेवर मिळाले तर. तेच शिकायला जायचंय मला.

बाबा : ते पुस्तक जाड असेल.

लेक : विटेएवढं.

बाबा : आण. खिशात मावतील अशा पुस्तिका करून देतो. सगळ्या.