जवळचं भिंग

शुक्रवार पेठेतल्या फोटोच्या दुकानात सारजाबाई आपल्या फोटोची वाट बघत बसली होती. टेंभुर्णीचा फोटोग्राफर मानसिंग दुकानदाराशी बोलत होता, तिकडं तिचे कान लागले.

"हे जुनं जर्मन भिंग न्या. मुंगीच्या मिशासुद्धा दिसतील."

"लई म्हाग हाय. स्वस्तातलं दावा की."

"मग तुमच्याच भिंगामागं ही रिंग लावा, तिनंही जवळचं बारीक मोठं दिसतं. पण उजेड कमी पडतो. समोरचं हललं, की फोटो गेला."

"हलायचं न्हाय. आईचा अंगठा हाय, रेशनकार्डावरचा."

"अंगठ्याचा फोटो?"

"साऱ्या गावाचे फोटू काढले मी. तिला म्हणायचो, तुजा काय, कवाबी काढीन. परवा दहावा झाला तिचा. हार घालाया भिंतीवर कायतरी पायजे की."

"...केवढा मोठा करायचाय?"

"तिच्या तोंडाएवढा."