मासोळीचा छाप

हो, नेल्या कुऱ्हाडी! मग काय नेणार होतो, फुलं? वकील म्हणतो, अहो, ठाण्यावर कुऱ्हाडी घेऊन कोण जातं... त्याला म्हणावं, तुझा शेजारी खुनाच्या आरोपाखाली आत बसू दे, मग विचार. मी तर शांतच होतो, तुम्हाला सांगतो.

तुम्ही घरी बसला होतात, म्हणून पहिल्यापासून ऐका. लाकडाचा ठेकेदार त्याच्याच वखारीत पडलेला, डोक्याच्या दोन फाका, मधे कुऱ्हाड. रडलं कोणी नाही, ते सोडा. पात्यावर आपल्या लोहाराचा मासोळीचा छाप. ठाण्यातल्या साहेबानं छाप पाहिला आणि लोहाराला भात्यापुढून उचलला, बायकोपोरांदेखत, लाथा घालत. छाप त्याचा म्हणून खून त्याचा? उद्या मी विहिरीत पडून मेलो तर विहीर खणणाऱ्याला फाशी देणार का? अहो, त्याच्या छापाशिवाय गावात कुऱ्हाड आहेच कुठं! म्हणून ठरलं, ज्यानं त्यानं आपली न्यायची, साहेबाच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, बघ बाबा, सगळीकडं मासोळी. एवढंच. बायको म्हणाली, फडक्यात गुंडाळून न्या. म्हटलं, लपवून न्यायला आपण चोर आहोत का? घेतली खांद्यावर. सगळ्यांनीच घेतली. पुढं लोहाराची सासू, ठार बहिरी, कुऱ्हाड डोक्याच्या वर धरून, म्हणजे छाप लांबून दिसावा.

फाटकावरच्या हवालदारानं ते पाहिलं... त्याच्या जागी मी असतो तर मीही बोंब मारली असती. पण मग काठ्याच! दूधवाल्याचा कान फाटला, माझ्या मावसभावाचे पुढचे दात गेले, आणि सासूबाई, त्यांना थांबा म्हटलेलं ऐकूच येईना, त्या आपल्या मारत सुटल्या. दांड्यानं हं, पात्यानं नाही. मी तर शांतच होतो. हवालदाराचा अंगठा माझ्या तोंडात आला, त्याला मी काय करणार?

शेवटी कोठडीच्या गजाआडून लोहारच ओरडला, "अरे, मला सोडवायला आलात की लटकवायला? टाका खाली!" टाकल्या. ढीग झाला. साहेबानं एकेक उचलून मासोळी पाहिली, कपाळावरचं रक्त पुसलं आणि हळूच म्हणाला, "पटलं. मग माझ्याकडं आहे ती कुठल्यातरी घरात कमी असणार. ते घर दाखवा, लोहाराला घेऊन जा. नाहीतर उद्या याला कोर्टात उभा करतो."

तोंडातून गळणारं रक्त पुसत जो तो ढिगात आपली कुऱ्हाड शोधायला लागला. लोहार एकेकाकडं बघत होता. आमच्यातला कोणी नाही, आमच्या तिथं ढिगात पडल्यात. राहिलात तुम्ही. ह्याचं पोट दुखत होतं, त्याची म्हैस व्याली होती, तिसऱ्याचा म्हणे दांडा मोडला होता... मी शांतच आहे. ठेकेदाराचं मला दुःख नाही, ज्यानं मारला त्याचा रागही नाही. पण त्याच्या जागी लोहार लटकणार नाही.

उठा. घरी जा, आणि आपापली कुऱ्हाड आणून इथं माझ्यापुढं टाका.